विमा असूनही रुग्णालयाचे बिल अंगावर का येते, आणि ते कमी कसे करावे

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि नागपूरच्या धंतोलीतल्या एका रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पाच लाखांची पॉलिसी होती, हप्ता एकदाही चुकलेला नव्हता, रुग्णालय कंपनीच्या यादीतले होते आणि कॅशलेसची, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याची, पहिली मंजुरी दाखल झाल्याच्याच दिवशी आली होती. चौथ्या दिवशी बिल झाले २ लाख ९६ हजारांचे. काउंटरवर जो कागद हाती आला, त्यावर कंपनी १ लाख ७६ हजार २५० रुपये देणार आणि उरलेले १ लाख १९ हजार ७५० आम्ही भरायचे, असे लिहिलेले होते. रात्रीचे नऊ वाजले होते, सासरे कपडे बदलून व्हीलचेअरवर बसले होते. दोन घरांतली कार्डे एकत्र करून आम्ही पैसे भरले आणि घरी आलो.

त्यांपैकी ४८ हजार ७५० रुपये पुढे एका पत्रामुळे परत मिळाले. उरलेल्या ७१ हजारांपैकी ५७ हजार मात्र दाखल होताना आम्ही केलेल्या एका निवडीमुळे गेले होते, आणि त्यांवर आमचा काही हक्क नव्हता. विमाधारकाच्या अंगावर येणाऱ्या बिलाचे स्वरूप बहुतेकदा असेच असते. क्लेम सरसकट नाकारला जाण्याचे प्रसंग घडतात, पण त्याहून कितीतरी अधिक घरांना पोळते ती कपात. या कपातीचा काही भाग नियमाप्रमाणे असतो आणि तो आधी सावध राहूनच टाळता येतो, तर काही भाग नियमाविरुद्ध असतो आणि तो नंतर मागून घेता येतो. कोणता भाग कोणता, हे ओळखता यावे यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: पॉलिसी घरात सगळे धडधाकट असताना वाचावी

पॉलिसीचे चाळीस-पन्नास पाने वाचणे कोणालाच जमत नाही, हे विमा नियामक प्राधिकरणानेही मान्य केले आहे. म्हणूनच प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या भाषेतले ग्राहक माहितीपत्रक देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ते सापडत नसेल तर कंपनीला ईमेल करून मागवावे. त्यात काही गोष्टी पेन्सिलने खुणा करून ठेवाव्यात.

सर्वांत आधी खोलीभाड्याची मर्यादा पाहावी. जुन्या पॉलिसींमध्ये ती बहुधा विमा रकमेच्या १ टक्का आणि अतिदक्षता विभागासाठी २ टक्के प्रतिदिन अशी असते, म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीवर साध्या खोलीसाठी दिवसाला ५,००० रुपये. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांनी विकायला आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत मूळ मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये अशी ठेवलेली होती. काही पॉलिसींत रुपयांचा आकडा नसतो, ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असा खोलीचा प्रकार लिहिलेला असतो, तर काहींत मर्यादाच नसते. आपल्या पॉलिसीत यांपैकी काय आहे, हे घरातल्या किमान दोघांना तोंडपाठ असावे. हे मी अनुभवाने लिहितो आहे. आमच्याकडे ते फक्त सासऱ्यांना ठाऊक होते, आणि ते स्ट्रेचरवर होते.

त्यानंतर सहभाग, म्हणजे को-पे. ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसींत मंजूर रकमेच्या १० किंवा २० टक्के रक्कम रुग्णाने भरायची अट सर्रास असते, आणि ती सगळ्या कपाती झाल्यावर उरलेल्या रकमेवर लागते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघाबदल अशा ठरावीक उपचारांसाठी वेगळी कमाल रक्कम आहे का, तेही पाहावे; आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये यांपैकी कमी असेल ती मर्यादा ठरवलेली होती.

प्रतीक्षाकाळाबाबतचे नियम २०२४ पासून ग्राहकाच्या बाजूने बदलले आहेत. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनीला आता जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावता येते. पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांची होती. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर ‘तुम्ही आजार लपवला’ असे कारण पुढे करून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच तसे करता येते. म्हणून जुनी पॉलिसी रागाच्या भरात बंद करू नये. कंपनी बदलायचीच असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करावा, म्हणजे सोसलेला प्रतीक्षाकाळ हिशेबात धरला जातो.

दुसरी पायरी: दाखल होण्याची खिडकी

बिलाचा मोठा भाग इथे ठरतो, आणि इथे माणूस सर्वांत घाईत असतो. रुग्ण आपत्कालीन कक्षात असतो, काउंटरवरचा कर्मचारी ‘कोणती रूम लिहू?’ असे विचारतो, आणि आपण आपल्या माणसाला चांगली खोली मिळावी म्हणून ‘प्रायव्हेट’ म्हणतो. आम्हीही तेच म्हटले. मर्यादा ५,००० ची होती आणि आम्ही घेतलेली खोली ८,००० ची. वरचे तीन हजार रोजचे आपण भरू, चार दिवसांचे बारा हजार होतील, असा सरळ हिशेब आम्ही केला. तो चुकला.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असते, तिथे बहुधा प्रमाणशीर कपातीचे कलमही असते. आपली पात्रता ५,००० आणि घेतलेली खोली ८,००० असेल, तर कंपनी खोलीच्या भाड्यासोबत त्या खोलीला जोडलेले इतर खर्चही पाच अष्टमांश, म्हणजे ६२.५ टक्केच धरते. रुग्णालये सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे आणि डॉक्टरांच्या रोजच्या भेटी यांचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढते ठेवतात, असा त्यामागचा तर्क आहे.

आमचे बिल असे होते: खोलीभाडे ३२ हजार, सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह व भेटी मिळून १ लाख २० हजार, औषधे ४८ हजार, तपासण्या २२ हजार, हाडातली पट्टी व स्क्रू ६० हजार, आणि विम्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तू १४ हजार. खोलीचे १२ हजार गेले. १ लाख २० हजारांचे ६२.५ टक्के म्हणजे ७५ हजार. तिथे ४५ हजार गेले. बारा हजारांच्या समजुतीने घेतलेली खोली आम्हाला ५७ हजारांना पडली. ५,००० च्या आतली दोन खाटांची खोली त्याच मजल्यावर रिकामी होती.

यावरचा उपाय साधा आहे. खोली सांगण्यापूर्वी काउंटरवर ‘पॉलिसीची पात्रता दिवसाला इतकी आहे, त्या मर्यादेतली खोली लिहा’ असे स्पष्ट सांगावे. ‘खोलीभाडे’ या शब्दात शुश्रूषेचा खर्च आणि इतर दैनंदिन आकार धरलेले आहेत की ते वेगळे लागतील, हेही विचारावे, कारण ४,५०० ची खोली शुश्रूषेचे ८०० रुपये मिळून मर्यादेबाहेर जाऊ शकते. पात्रतेतली खोली रिकामी नसेल आणि रुग्णालय स्वतःहून वरच्या वर्गात हलवत असेल, तर ‘पात्रतेतील खोली उपलब्ध नसल्यामुळे’ असे दाखल-कागदावर लिहून व शिक्का मारून घ्यावे, आणि ती उपलब्ध होताच तिकडे हलवण्याची लेखी विनंती द्यावी. त्याने कपात हमखास टळते असे नाही, पण पुढे भांडायला हातात काहीतरी राहते.

रुग्णालय कंपनीच्या यादीत नसले तरी कॅशलेसचा मार्ग पूर्ण बंद नसतो. जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा परिषदेच्या पुढाकाराने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ ही सोय सुरू झाली आहे. ठरवून करायच्या उपचारांसाठी दाखल होण्यापूर्वी ४८ तास आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावे लागते. त्यासाठी रुग्णालयाने तयारी दाखवणे आणि कंपनीच्या अटींत बसणे आवश्यक असते.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेबाबत आणखी एक सांगावेसे वाटते. धंतोली, रामदासपेठ, सीताबर्डी हा पट्टा असा आहे की एकाच शस्त्रक्रियेसाठी पायी अंतरावर चार ठिकाणचे अंदाजपत्रक मिळते. छिंदवाडा, बालाघाटहून आलेले नातेवाईक ते आवर्जून घेतात. आपण इथली माणसे मात्र ‘डॉक्टर ओळखीचे आहेत’ म्हणून विचारायला संकोचतो. अंदाजपत्रक लेखी घ्यावे, खोलीच्या वर्गासह घ्यावे, आणि शस्त्रक्रियेत बसवल्या जाणाऱ्या वस्तूची कंपनी व किंमत त्यात नमूद करून घ्यावी. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत १४ जानेवारी २०२१ रोजी ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. दरफलक दिसत नसेल तर मागावा आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. त्याचा दुसरा उपयोग पुढे येईल.

तिसरी पायरी: उपचार चालू असताना

पहिल्या मंजुरीचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. ती अंदाजावर दिलेली अंशतः रक्कम असते. पुढे रुग्णालय वाढीव मंजुरी मागते आणि खरा हिशेब अंतिम बिलावरच होतो. मधल्या दिवसांत रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) जाऊन ‘काही क्वेरी आली आहे का’ असे रोज विचारावे. दोन वर्षांपूर्वीचा एखादा तपासणी अहवाल किंवा मधुमेह कधीपासून आहे याचे डॉक्टरांचे पत्र, अशा एका कागदासाठी फाइल अडून राहते आणि घरच्यांना ते डिस्चार्जच्या दिवशी कळते.

मधुमेहावरून आठवले. दाखल करताना निवासी डॉक्टर विचारतो, ‘शुगर किती वर्षांपासून?’ आणि घाबरलेला मुलगा अंदाजाने ‘असेल आठ-दहा वर्षे’ म्हणतो. ते वाक्य केसपेपरवर जाते, आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसीत आजार लपवला असा अर्थ त्यातून काढला जातो. खोटे मुळीच सांगू नये. पण नक्की ठाऊक नसेल तर ‘नक्की माहीत नाही, जुने कागद पाहून सांगतो’ असे म्हणावे आणि खरेच पाहून सांगावे.

दर दोन दिवसांनी आतापर्यंतचे तपशीलवार बिल मागावे. न वापरलेली औषधे व साहित्य परत केल्याची नोंद त्यात आली आहे का, डॉक्टरांच्या भेटींची संख्या जुळते का, एवढे पाहायला दहा मिनिटे पुरतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषधे कोठून घ्यावीत हे निवडण्याचा रुग्णाचा हक्क नमूद आहे, पण कॅशलेसमध्ये बाहेरून आणलेली औषधे अंतिम बिलात येत नाहीत. बाहेरून काही आणलेच तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या नावाचे पक्के बिल जपून ठेवावे. ते नंतर परताव्यासाठी मागता येते. हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. बसवलेल्या वस्तूच्या वेष्टनावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावा.

चौथी पायरी: डिस्चार्जचा दिवस

२९ मे २०२४ रोजी विमा नियामकाने काढलेल्या परिपत्रकाने कॅशलेसची वेळ बांधून दिली आहे. पहिल्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जास्तीचा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे. येथे मेख अशी की घड्याळ सुरू होते ते रुग्णालयाने अंतिम बिल व कागद कंपनीला पाठवल्यावर. डॉक्टर सकाळी दहाला ‘आज घरी जा’ म्हणतात आणि फाइल दुपारी तीनला निघते. हे पाच तास कंपनीच्या खाती धरता येत नाहीत. म्हणून ‘फाइल किती वाजता पाठवली’ हे टीपीए डेस्ककडून लिहून घ्यावे किंवा निदान मोबाइलवर आलेला संदेश जपावा. उपचारादरम्यान रुग्ण दगावला, तर क्लेमची विनंती तातडीने हाताळून पार्थिव लगेच ताब्यात मिळेल अशी व्यवस्था कंपनीने करावी, असेही त्याच परिपत्रकात आहे.

पैसे भरण्यापूर्वी तीन कागद हातात हवेत: प्रत्येक वस्तू वेगळी दाखवणारे बिल, कंपनीचे अंतिम मंजुरीपत्र, आणि कपातीचा तपशील. तिसरा कागद सहसा मागितल्याशिवाय मिळत नाही.

कपातीच्या तपशिलात ‘नॉन-मेडिकल’ या नावाखाली एक ठोक रक्कम असते. नियामकाने या वस्तूंच्या चार याद्या ठरवल्या आहेत. पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत. हातमोजे, डायपर, ईसीजीचे इलेक्ट्रोड, नेब्युलायझर किट, कमरेचा पट्टा, सोबतच्या माणसाचे जेवण अशा. त्या पॉलिसीत खास घेतलेल्या नसतील तर रुग्णाच्याच खिशातून जातात. मात्र दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या यादीतल्या अनुक्रमे ३७, २३ आणि १८ बाबी वेगळ्या आकारायच्याच नाहीत. फाइल उघडण्याचा आकार, दाखल होतानाचे किट, रुग्णाच्या मनगटावरची पट्टी, एसीचा आकार, पल्स ऑक्सिमीटर हे खोलीभाड्यातच धरलेले आहे. कापूस, गॉझ, सर्जिकल ब्लेड, शस्त्रक्रियेतला चिकटपट्टा हे शस्त्रक्रियेच्या खर्चात. कंपनी या बाबींचे पैसे कापते तेव्हा ते नियमाला धरून असते. पण रुग्णालय तेच पैसे रुग्णाकडून वसूल करते तेव्हा त्याला ‘हे खोलीभाड्यात समाविष्ट आहे’ असे म्हणण्याचा आधार आपल्याकडे असतो. नम्रपणे, यादीवर बोट ठेवून आणि बिलिंग विभागाच्या प्रमुखाकडे मागितले, तर काही हजार कमी होतात. आमच्या १४ हजारांतले निदान सहा-सात हजार असे होते. त्या रात्री ते मला माहीत नव्हते.

‘रीझनेबल अँड कस्टमरी’ (म्हणजे वाजवी व प्रचलित दरापेक्षा जास्त) किंवा ‘टॅरिफपेक्षा जास्त’ या नावाची कपात यादीतल्या रुग्णालयात झाली असेल, तर ती निमूटपणे भरू नये. यादीतल्या रुग्णालयाने कंपनीशी दरांचा करार केलेला असतो. अमान्य वस्तू आणि पात्रतेपेक्षा वरची खोली यांच्या फरकाव्यतिरिक्त रुग्णाकडून वसुली करू नये, असे मंजुरीपत्रावर बहुधा छापलेलेच असते. ते वाक्य शोधावे आणि काउंटरवर दाखवावे. भरलेल्या अनामत रकमेचा परतावाही त्याच वेळी मागावा.

सगळे करूनही पैसे भरावेच लागले, तर पावतीवर किंवा बिलाच्या प्रतीवर ‘कपातीबाबत हरकत कायम ठेवून रक्कम भरली’ असे लिहून सही करावी. रुग्णाला बाकी बिलासाठी अडकवून ठेवता येत नाही, हे खरे आहे. पण जखमेवर ताजे टाके असलेल्या माणसाला व्हीलचेअरवर बसवून कायदा सांगत उभे राहणे सगळ्यांना झेपत नाही. पैसे भरले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

पाचवी पायरी: घरी आल्यावरचा हिशेब

पहिल्या आठवड्यातच एका कोऱ्या कागदावर बिलाची बेरीज स्वतः मांडावी. मी ती चौथ्या दिवशी मांडली, आणि आमचे ४८ हजार ७५० तिथे सापडले.

प्रमाणशीर कपात कशावर लावायची नाही, हे नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. औषधे व वापरून टाकण्याचे साहित्य, शरीरात बसवलेल्या वस्तू व उपकरणे, आणि तपासण्या यांवर ती लागत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारावरही लागत नाही. शिवाय जे रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार वेगवेगळे दर आकारतच नाही, तिथे ती मुळीच लागत नाही. दरफलकाचा फोटो इथे कामी येतो: सर्जनची फी जनरल वॉर्डात आणि प्रायव्हेट खोलीत सारखीच असेल, तर कपातीचा पायाच ढासळतो. आमच्या रुग्णालयात दर वेगळे होते, त्यामुळे ४५ हजार गेले ते गेले. पण कंपनीने औषधे, तपासण्या आणि पट्टी-स्क्रू मिळून १ लाख ३० हजारांवरही तीच ६२.५ टक्क्यांची कात्री चालवली होती. १ लाख ३० हजारांचे ३७.५ टक्के म्हणजे नेमके ४८ हजार ७५०.

याच वेळी दाखल होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या खर्चाचा क्लेमही तयार करावा. पॉलिसीनुसार आधीचे ३० किंवा ६० दिवस आणि नंतरचे ६० किंवा ९० दिवस त्यात येतात. एक्स-रे, पट्टी बदलणे, औषधे, डॉक्टरांच्या पुन्हा भेटी, आणि पॉलिसीत असेल तर फिजिओथेरपी या सगळ्याची रक्कम पंधरा-वीस हजारांवर सहज जाते, आणि कॅशलेस झाले म्हणजे विषय संपला या समजुतीने बहुतेक घरे ती सोडून देतात. मूळ कागद देण्यापूर्वी सगळ्यांचे फोटो काढून ठेवावेत. दोन पॉलिसी असतील, उदाहरणार्थ मुलाच्या नोकरीतली सामूहिक आणि स्वतःची वैयक्तिक, तर आधी कोणती वापरायची हे आपण ठरवू शकतो आणि उरलेला मान्य खर्च दुसरीकडून घेऊ शकतो. त्यासाठी पहिल्या कंपनीचे सेटलमेंट लेटर, म्हणजे क्लेम निकाली काढल्याचे पत्र, आणि कागदांच्या प्रमाणित प्रती लागतात.

सहावी पायरी: तक्रार, आणि ती कोठपर्यंत न्यावी

फोनवरची तक्रार हवेत विरते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. त्याचा पत्ता पॉलिसीतच असतो. पत्रात भावना नको, तक्ता हवा: बिलातली बाब, रक्कम, कापलेली रक्कम, कापण्याचे दिलेले कारण, आणि ते का मान्य नाही. शेवटी एक वाक्य अवश्य घालावे: ‘प्रत्येक कपातीसाठी पॉलिसीतील कोणते कलम लागू केले, ते कृपया लेखी कळवावे.’ क्लेम पूर्ण वा अंशतः नाकारताना अटींचा नेमका संदर्भ देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि क्लेम फेटाळायचा असेल तर तो तिच्या पुनरावलोकन समितीपुढून गेलेला असावा लागतो. ज्या कपातीला कलमच नसते, ती या एका प्रश्नावर गळून पडते. आमच्या पत्रात २०२० च्या नियमाचा उल्लेख आणि चार ओळींचे गणित एवढेच होते.

दोन आठवड्यांत समाधान झाले नाही, तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे निवाडा होत नाही, पण तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावे लागते.

त्यापुढचे ठिकाण म्हणजे विमा लोकपाल, आणि माझ्या मते सामान्य विमाधारकासाठी ही सर्वांत उपयोगी व सर्वांत कमी वापरली जाणारी पायरी आहे. कंपनीने नकार दिल्यावर, असमाधानकारक उत्तर दिल्यावर, किंवा महिनाभर उत्तरच न दिल्यावर तिथे जाता येते. मुदत एक वर्षाची. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या क्षेत्रात येते, पण त्यासाठी पुण्याची गाडी पकडण्याची गरज नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडेच राहते. उलट ग्राहक आयोगात प्रकरण आधी दाखल केले असेल तर लोकपाल ते हाताळत नाही, म्हणून क्रम चुकवू नये.

जिल्हा ग्राहक आयोग नागपुरातच आहे. भरलेल्या हप्त्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. मात्र वेळ बराच लागतो. क्लेम पूर्ण फेटाळला असेल किंवा मनस्तापाची भरपाईही मागायची असेल, तर तो मार्ग धरावा. वीस-तीस हजारांच्या कपातीसाठी लोकपालच बरा. रुग्णालयाने दरफलक न लावणे, तपशीलवार बिल नाकारणे अशा तक्रारी विमा कंपनीकडे नेऊन उपयोग नाही. शहरातल्या खासगी रुग्णालयांसाठी त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे कराव्यात, कारण नोंदणी तिथली असते.

विम्याच्या शेजारचे आधार

खासगी विमा असलेली माणसे सरकारी योजना आपल्यासाठी नाहीत असे धरून चालतात. महाराष्ट्रात हे आता खरे नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्यासह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू झाली, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. उपचार योजनेच्या यादीतला आणि रुग्णालय संलग्न असले पाहिजे, खोली जनरल वॉर्डातली मिळते. आणि दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, भेटावे लागते, बिल झाल्यावर नाही. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

७० वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी योजनेतून मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालते, आणि आधार कार्डावर ते काढता येते. मोठ्या उपचाराचा खर्च पॉलिसीच्या रकमेबाहेर जाणार असे दिसताच नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (मेडिकलशी) संलग्न सुपर स्पेशालिटी, मेयो किंवा मिहानमधले एम्स यांचाही विचार करावा. तिथे रांग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला रांग सोसवते.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटावे. दाद न मिळाल्यास धर्मादाय सहआयुक्तांच्या नागपूर कार्यालयात अर्ज करावा.

पुढच्या नूतनीकरणापूर्वी

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. वाचलेली रक्कम कोठे लावावी, याबाबत माझे मत स्पष्ट आहे. विमा रक्कम वाढवण्याआधी खोलीभाड्याची मर्यादा काढून टाकावी, कारण मर्यादा असलेली दहा लाखांची पॉलिसी मर्यादा नसलेल्या पाच लाखांच्या पॉलिसीपेक्षा कमी पैसे देऊ शकते. त्यानंतर किरकोळ साहित्याचा जोडविमा घ्यावा, जो पहिल्या यादीतल्या वस्तू भरून देतो. मोठ्या रकमेसाठी सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरचा खर्च देणारा जादा विमा, घ्यावा. साधा टॉप-अप नको, कारण त्यात ठरलेली मर्यादा प्रत्येक वेळी नव्याने ओलांडावी लागते, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातल्या सगळ्या बिलांची बेरीज धरली जाते.

सासरे गेल्या वर्षी एकाहत्तरीत होते. वय वंदना कार्ड काढायला तेव्हाही काही अडचण नव्हती. ते आम्ही डिस्चार्जनंतर तिसऱ्या आठवड्यात काढले. आता त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पॉलिसीचा क्रमांक, टीपीएचा फोन, कार्डाचा क्रमांक आणि मोठ्या अक्षरांत ‘खोली ५,००० च्या आत’ असे लिहिलेले आहे.